"दोन्ही सांभाळा" हा सल्ला नको

प्राजक्त: कालची ती पोस्ट डोक्यातून जात नाहीये. "विज्ञान पोटासाठी, चित्रकला मनासाठी. दोन्ही सांभाळा, काही अवघड नाही." अवघड नाही? मी जीवरसायनशास्त्रात पीएचडी केली. प्रयोगशाळेत जेल लावलं, म्हणजे रेणू वेगळे व्हायला ठेवले, की पाऊण तास मोकळा, असं सगळे म्हणतात. त्या पाऊण तासात मी पुढच्या प्रयोगाचं बफर द्रावण बनवायचे. रात्री पेटी उघडावी तर जलरंगाच्या वड्यांना भेगा पडलेल्या. चार वर्षांत तीन चित्रं झाली, त्यातलं एक अर्धवट.

सूक्ष्मदर्शी: कारणं आहेत ही. मेंदूचा अभ्यास करणारा स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल, त्याला चित्रकार व्हायचं होतं, वडिलांनी वैद्यकाला घातलं. पुढे चेतापेशींची रेखाटनं त्याने स्वतःच्या हाताने केली आणि १९०६ चं नोबेल मिळवलं. चित्रकला सुटली का त्याची?

प्राजक्त: अहो, त्याची चित्रकला कामातच होती! मी उरलेल्या वेळाबद्दल बोलतेय. रशियन संगीतकार बोरोदिन बघा. रसायनशास्त्राचा प्राध्यापक. 'प्रिन्स इगोर' हा ऑपेरा १८६९ मध्ये हाती घेतला आणि १८८७ मध्ये बोरोदिन वारला तेव्हाही ऑपेरा अपुराच होता. इतरांनी पुरा केला.

सूक्ष्मदर्शी: कामात तरी कुठे येऊ देतात? शाळेत गांडुळाच्या छेदाला मी मन लावून शेडिंग केलं होतं. बाईंनी अख्ख्या पानावर लाल काट मारली. "ही चित्रकलेची वही नाही." अजून आठवतं.

रेघोटी: काट योग्यच होती. करडी छटा जुन्या ठशांच्या छपाईत उतरायची नाही. रेषा आणि ठिपके उतरायचे. म्हणून विज्ञानाच्या आकृतीत शेडिंगऐवजी ठिपके.

सूक्ष्मदर्शी: ते ठसे जाऊन जमाना झाला. नियम मात्र मुलांच्या मानगुटीवर!

रेघोटी: छपाई सोडा. छटा बोटाने पसरवली की कडा कुठे संपते ते कळत नाही. ठिपक्याला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं, इथे आहे की नाही. भुंग्याच्या एका पंखाला माझे दोन दिवस जातात. उजेड वरून डावीकडून, खड्डा असेल तिथे ठिपके दाट. नीट बघायची तयारी नसेल तर शेडिंग करावं.

सूक्ष्मदर्शी: दहा वर्षांच्या मुलाला हे कोणी सांगितलं होतं? नुसती काट मारली! मी परत पेन्सिल धरली नाही.

रेघोटी: सांगायला हवं होतं. एवढं मान्य.

प्राजक्त: मूळ प्रश्न राहिला बाजूला. रेघोटी, तुम्ही हे पोटासाठी करता की रात्री बसून?

रेघोटी: पोटासाठी. संशोधकांना कीटकांच्या आकृत्या काढून देते. आधी प्रयोगशाळेत होते, चित्रकलेसाठीच सोडली. आता घरी स्वतःचं म्हणून काहीच काढत नाही. संध्याकाळी अंगठा वळत नाही.

प्राजक्त: हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. म्हणजे चित्रकला कामात आणली तरी स्वतःची सुटते, हे मला मानावं लागेल. पण "काही अवघड नाही" म्हणणाऱ्याला मी सोडणार नाही.

रेघोटी: सोडू नका. आणि ते अर्धवट चित्र टाकून देऊ नका.