स्टँडअपमधलं ‘झालं’: केलं, करवून घेतलं की नुसतं उरकलं?

अलकापुरीकर:
आमची बडोद्यातली सॉफ्टवेअरची टीम निम्मी मराठी, निम्मी गुजराती. रोज सकाळी १५ मिनिटांचा स्टँडअप होतो, म्हणजे कुणाचं काम कुठवर आलं ते सांगायची छोटी बैठक, आणि त्यात सगळ्यांत जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘झालं’. गुजराती मंडळी ‘थई गयुं’ म्हणतात, इंदूरहून आलेले दोघं ‘हो गया’. हल्ली बराचसा कोड एआय सहायक लिहितो, आणि तेव्हापासून या शब्दाचा अंदाजच येईनासा झालाय. पूर्वी कुणी ‘झालं’ म्हटलं की त्याने एकदोन दिवस त्यात डोकं घातलंय हे न सांगता कळायचं. आता ते काम त्याने स्टँडअपला येण्याआधी चहा पिता पिता सुरू केलेलं असू शकतं.
आम्ही काम करतो त्या स्क्रम नावाच्या पद्धतीत ‘डेफिनिशन ऑफ डन’ असते, म्हणजे काम पूर्ण कधी धरायचं याची आधी ठरवलेली यादी. आमची यादी अशी: कोड लिहिला, टेस्ट (कोड तपासणाऱ्या चाचण्या) हिरव्या झाल्या म्हणजे पास झाल्या, दुसऱ्याने पाहिला. तिन्ही खुणा होतात आणि तरी काम झालेलं नसतं. अशा वेळी मराठीत नेमकं काय म्हणायचं? ‘लिहिलं’ की ‘लिहून घेतलं’?

दांडियाबाजारकर:
मी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून व्याकरणाच्या बाजूने सांगते. ‘होणे’ हे अकर्मक क्रियापद. ‘काम झालं’ या वाक्यात ते करणारा कुठेच दिसत नाही. ‘थई गयुं’ आणि ‘हो गया’ यांचंही तेच. ‘त्याने काम केलं’ म्हटलं की ‘ने’ लागतो आणि माणूस समोर येतो. याच्या पुढचं रूप प्रयोजक: ‘त्याने काम करवून घेतलं’. इथे दोघं आले, करणारा आणि करवणारा.
‘लिहून घेतलं’ मात्र टाळा. त्याचा पहिला अर्थ श्रुतलेखनाचा आहे: बाईंनी सांगितलं, मुलांनी लिहून घेतलं. तुमच्याकडे तर सांगणारा माणूस आणि लिहिणारं यंत्र. त्याला ‘लिहवून घेतलं’ हेच बरोबर. आपण ‘कर्ता-करविता’ एका दमात म्हणतो. ‘यंदा घर बांधलं’ असं म्हणणाऱ्याने वीट उचललेली नसते, पण छत गळलं तर लोक त्यालाच विचारतात. तुमच्या सहायकाला जाब विचारता येत नाही, तेव्हा करवित्याचं नाव वाक्यात असलंच पाहिजे.

मांजलपूरकर:
मी टेस्टर आहे. बाईंचं म्हणणं शंभर टक्के पटलं. एक ताजा प्रकार सांगते.
विक्रीचा तिमाही अहवाल काढायचा होता. सहायकाने कोड लिहिला, त्याच्या टेस्टही त्यानेच लिहिल्या, सगळ्या हिरव्या. स्टँडअपला ‘झालं’. मी एप्रिलचं एक बिल घालून पाहिलं तर ते दुसऱ्या तिमाहीत गेलं. कोडने वर्ष जानेवारीपासून धरलं होतं. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, एप्रिल ते जून ही पहिली तिमाही, हे आपल्या अकाउंटवाल्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील. टेस्टही जानेवारीच धरून चालल्या होत्या. चूक आणि चुकीचा पडताळा एकाच ठिकाणाहून आल्यावर लाल दिवा लागणार कसा?
मला राग आला तो यंत्राचा नाही. चारशे ओळींचा बदल ‘पाहिला’ म्हणून खूण करणाऱ्याने कामाच्या कार्डावर लिहिलेली मागणी उघडूनसुद्धा वाचली नव्हती. याला आपल्याकडे सरळ शब्द आहे: उरकलं.

सयाजीगंजकर:
थोडी मागची गोष्ट सांगतो, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी एजाइलचा, म्हणजे स्क्रम ज्यात मोडतं त्या टप्प्याटप्प्याने सॉफ्टवेअर बनवण्याच्या विचाराचा, जाहीरनामा लिहिला. त्यासोबतच्या १२ तत्त्वांत एक आहे: चालतं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप. त्या काळी ते अगदी योग्य होतं. जाडजूड कागदपत्रं तयार व्हायची आणि चालणारं काही हातात यायचं नाही. चालतं करून दाखवणं हाच सगळ्यांत महागडा भाग होता, म्हणून तेच मोजायचं. आता दिसायला चालतं असलेलं काहीतरी तासाभरात मिळतं. महाग झालंय ते हे ओळखणं की जे चालतंय ते हवं तेच आहे का.
मला ‘झालं’पेक्षा ‘झाल्यासारखं वाटलं’ या शब्दप्रयोगाची जास्त काळजी वाटते. २०२५ मध्ये मेटर या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स (म्हणजे सगळ्यांना खुला असलेला कोड लिहिणाऱ्या) प्रोग्रॅमरांना त्यांच्या ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली, काही एआय वापरून आणि काही न वापरता. एआयमुळे आपण सुमारे २० टक्के लवकर आटोपलं असं त्यांना नंतर वाटलं. घड्याळाप्रमाणे १९ टक्के जास्त वेळ लागला होता. एवढ्यावरून सगळीकडे असंच होतं असं म्हणता येणार नाही, साधनंही झपाट्याने बदलताहेत. पण मुरलेल्या माणसांचाही ‘झालं’चा अंदाज इतका चुकतो, मग नव्या मुलांना स्टँडअपमध्ये नुसतं ‘झालं’ म्हणू देणं बरं नाही.

नवा सदस्य:
मुळात ‘एजाइल’ला ‘चपळ विकसन’ आणि ‘स्प्रिंट’ला, म्हणजे कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याला, ‘धाव’ असे शब्द आधी रूढ करायला नकोत का?

दांडियाबाजारकर:
जरूर सुचवा. याच बडोद्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ निघाला. कारभारातल्या इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, हिंदी, संस्कृत, बंगाली, उर्दू आणि फारसी प्रतिशब्द त्यात शेजारीशेजारी दिले आहेत. त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. पण इथे अडचण नामांची नाही. ‘स्प्रिंट’ म्हटल्याने कुणाचं अडलेलं नाही, अडलंय ते क्रियापदाशी, आणि ती तर घरचीच आहेत: केलं, करवून घेतलं, करून पाहिलं, उरकलं, हातावेगळं केलं. यातलं ‘हातावेगळं’ तुमच्या कामाला मला धोक्याचं वाटतं. यंत्राकडून करवून घेतलेलं काम इतक्यात हातावेगळं करू नये.

अलकापुरीकर:
बाई, मनापासून आभार. सोमवारपासून स्टँडअपमध्ये नुसतं ‘झालं’ बंद. प्रत्येकाने ‘मी’पासून सुरुवात करायची: मी लिहिलं, मी लिहवून घेतलं, मी तपासलं. गुजराती मित्रांना विचारलं, तर त्यांच्याकडे ‘कर्युं’ आणि ‘कराव्युं’ तयारच आहेत. यादीतलं ‘दुसऱ्याने पाहिला’ खोडून ‘दुसऱ्याने मागणीशी ताडून वाचला’ असं केलंय. एका बैठकीत वाचून होणार नाही एवढा मोठा बदल असेल, तर तो तुकडे करून पुन्हा आणायचा.

मांजलपूरकर:
सर, एक ओळ अजून घाला. कोड सहायकाने लिहिला असेल तर निदान एक टेस्ट माणसाने लिहायची, तीही कोड न बघता, मागणी वाचून. तारखांची असेल तर एप्रिलची.