मदत हवी आहे: काउबॉय शूटिंगसाठी कानाला आणि डोळ्याला काय घ्यावं? (डोक्यावर हॅट, नाकावर प्रोग्रेसिव्ह चष्मा)

सोनचाफा_फिनिक्स:

नमस्कार मंडळी, विषय जरा विचित्र वाटेल पण इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत, त्यातलं कोणीतरी शूटिंग रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) जाणारं असेलच म्हणून विचारतेय. आम्ही फिनिक्सला असतो. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाने आम्हाला बेन एव्हरी रेंजवर विंटर रेंज बघायला नेलं होतं, म्हणजे काउबॉय ॲक्शन शूटिंगची नॅशनल मॅच. नवरा अर्ध्या तासात कंटाळून खायला काय मिळतंय ते बघायला गेला आणि मी तिथेच अडकले ती अडकलेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९व्या शतकाच्या शेवटाकडचे कपडे घालायचे, हॅट, बूट, सगळं, आणि त्या काळच्या पद्धतीच्या बंदुका, दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर ॲक्शन रायफल आणि एक शॉटगन, घेऊन स्टीलच्या टार्गेटवर टायमर लावून मारायचं. लाकडाचं खोटं सलून, बँक, जेल असं काय काय उभं केलेलं असतं. प्रत्येक मेंबरला टोपणनाव घ्यावं लागतं (माझं अजून ठरत नाहीये, लेक म्हणते कोल्हापूर किड).

आता मला इथल्या एका क्लबच्या महिन्याच्या मॅचला जायचंय. बंदुका सुरुवातीला क्लबातलेच लोक वापरायला देतायत, फार चांगली माणसं आहेत, कपडे थ्रिफ्ट स्टोअरमधून जमतील. घोडं अडलंय ते कान आणि डोळ्यांपाशी. मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, साध्या प्लास्टिकच्या काचा, तो तसाच चालेल का वेगळा करावा लागेल? दुकानातला मुलगा म्हणाला की इलेक्ट्रॉनिक इअरमफ घ्या, पण वरून हॅट घातली तर मफची पट्टी मधे येते आणि हॅट माळ्यावर ठेवल्यासारखी वर तरंगते. शिवाय टायमरचा बीप आणि टायमर धरणाऱ्या माणसाच्या सूचना ऐकू यायला हव्यात. आणि हो, मी इथल्या ढोल पथकात आहे, त्यासाठी घेतलेले म्युझिशियन इअरप्लग घरात पडलेत, ते चालतील का? जुन्या काळचं दिसणारं तारेच्या फ्रेमचं काही मिळतं का तेही सांगा, नाहीतर त्या लांब स्कर्टवर ते निऑन रंगाचं कानावरचं खोकं कसं दिसेल!

लिव्हरवाला_टेक्सास:

ताई, स्वागत! बरीच वर्षं खेळतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी डोळे. कानाबद्दल आपल्या खेळाच्या नियमात जोरदार सल्ला आहे, डोळ्यांचं मात्र सक्तीचं, बघायला आलेल्यांना सुद्धा. टार्गेट स्टीलचं आणि अगदी जवळ, रिव्हॉल्व्हरची साधारण ७ ते १० यार्डांवर, आणि गोळी शिशाची. शिसं स्टीलवर आपटलं की फुटून त्याचे कण चारी बाजूंना उडतात. टार्गेट खालच्या बाजूला कललेली लावतात म्हणजे बरंचसं जमिनीत जातं, गोळीच्या वेगालाही मर्यादा आहे, रिव्हॉल्व्हरला सेकंदाला १००० फूट आणि रायफलला १४००, तरी थोडं मागे येतंच. हातावर, गालावर टचकन लागतं, कधी रक्ताचा ठिपका येतो, लोक पुसतात आणि पुढे जातात. डोळ्याला ती सवलत नाही. आणि ते समोरूनच येईल असं काही नाही, बाजूच्या टार्गेटवरून तिरकं येतं, खालून येतं. वरून येणारं हॅटची कड अडवते, त्यासाठी हॅट खरंच कामाची.

त्यामुळे तुमचा रोजचा चष्मा नको. काचेवर झेड८७+ (सेफ्टी चष्म्यांच्या अमेरिकन मानकाची खूण) असं बारीक कोरलेलं शोधा, नुसतं झेड८७ नाही, पुढचा प्लस हवाच. प्लस म्हणजे पाव इंची स्टीलची गोळी सेकंदाला १५० फूट वेगाने मारून आणि अर्ध्या किलोचं टोकदार वजन वरून पाडून तपासलेलं. नंबरचा करून घेणार असाल तर काच आणि फ्रेम दोन्हीवर खूण लागते, फ्रेमवर झेड८७-२ असं असतं. आवडीच्या जुन्या फ्रेममध्ये नुसती पॉलिकार्बोनेटची काच बसवली की झालं असं बरेच जण समजतात, पण फटका बसला तर अशा फ्रेममधून अख्खी काच आत येऊ शकते.

तारेचे गोल चष्मे, बाजूला चामड्याचे पडदे वगैरे, ऑनलाइन भरपूर आहेत आणि दिसतात झकास, पण बहुतेकांवर खूणच नसते. ते फोटोपुरते. सेफ्टीच्या सामानाला कोणी पोशाखाच्या नियमात पकडत नाही, माझ्या पॉसीत (मॅचमधल्या आमच्या गटात) एक गृहस्थ १८८० सालचे डिट्टो दिसतात आणि डोळ्यावर सायकलवाल्याचा चष्मा.

सध्या खर्च करायचा नसेल तर चष्म्यावरून घालायचे मोठे सेफ्टी ग्लासेस मिळतात, अगदी स्वस्त, त्यावरही झेड८७+ असतं. पहिल्या काही मॅच त्यावर काढा. काळ्या काचेचे घेऊ नका, तिकडचं ऊन कितीही असलं तरी, कारण उन्हातून एकदम सलूनच्या पडवीत शिरलं की पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) दिसत नाही.

वाचक_नं_१:

इअरप्लग कशाला, एअरपॉड्सला नॉइज कॅन्सलिंग आहे की. ते नाही का चालणार?

कर्णपिशाच्च:

नाही चालणार, आणि कृपया कोणी प्रयोग करू नका. मी ऑडिओलॉजिस्ट आहे (न्यू जर्सी), बंदूक आयुष्यात हातात धरली नाही पण बंदुकीने गेलेले कान रोज बघते. नॉइज कॅन्सलिंग विमानाच्या घरघरीसारख्या सतत चालणाऱ्या आवाजाला असतं. गोळीचा आवाज म्हणजे एक झटका, त्याच्यापुढे त्या सर्किटचा काही उपयोग नाही, आणि त्या बड्सना एनआरआर (आवाज किती डेसिबल कमी होतो त्याचा आकडा) रेटिंगच नसतं.

आकडे सांगते म्हणजे पटेल. बंदुकांचे आवाज साधारण १४० ते १७५ डेसिबलमध्ये असतात. १४० च्या वर एकच झटका सुद्धा कानाला कायमची इजा करू शकतो, 'दोनचारच गोळ्या मारल्या' याला अर्थ नाही. सोनचाफाताई, तुमचे ढोलाचे प्लग मुद्दाम कमी अडवणारे असतात, ताशातला फरक ऐकू यावा म्हणून, त्यांचं एनआरआर बहुतेक १२ ते १५ च्या आसपास असेल. ढोलाला उत्तम, रेंजवर अजिबात नाही.

फोमच्या प्लगवर ३३ पर्यंत एनआरआर लिहिलेलं दिसेल. तो लॅबमधला आकडा. नायॉशने (कामाच्या जागच्या आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकन सरकारी संस्था) १९९८ साली फोम प्लगचा आकडा निम्मा धरायला आणि मफचा पाव भाग कापायला सांगितलं होतं, कारण लोक प्लग नुसता कानाच्या तोंडाशी अडकवतात. नीट पद्धत: बोटांनी बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा, वीसतीस सेकंद. समोरून आरशात प्लग बाहेर आलेला दिसला तर तो बसलेला नाही. मफचा शत्रू म्हणजे चष्म्याची काडी. गादी आणि कातडी यांच्यामध्ये फट पडते आणि तिथून आवाज आत येतो, म्हणून काडी पातळ आणि चपटी घ्या, जाड फॅशनची नको.

दोन्ही घातलं, आत प्लग वर मफ, तर बेरीज होत नाही. जो आकडा मोठा त्यात साधारण ५ मिळवा. तरी माझा सल्ला दोन्ही घालण्याचाच आहे, नायॉशचाही तोच आहे. त्यातून तुमच्याकडे ती लाकडी घरं, छपराखाली आवाज परत अंगावर येणार.

लिव्हरवाला_टेक्सास:

कर्णपिशाच्चताई, छपराचं एकदम बरोबर! मोकळ्या मैदानातल्या स्टेजपेक्षा (स्टेज म्हणजे मॅचचा एक टप्पा) पडवीतल्या स्टेजवर शॉटगनचा आवाज कानाला फार लागतो.

आणि दोन्ही घालायचं तर ऐकू कसं येणार, त्याला युक्ती आहे. आत फोमचा प्लग, वर इलेक्ट्रॉनिक मफ आणि मफचा आवाज फुल वाढवायचा. बोलणं मोठं होऊन प्लगमधूनही पोचतं, आणि गोळीच्या वेळी मफचा स्पीकर आवाज दाबतो, शिवाय प्लग आहेच. आमचे निम्मे लोक हेच करतात. ऐकू येणं ही चैन नाहीये, टायमरवाला 'स्टँड बाय' म्हणतो मग बीप, आणि मधेच 'सीझ फायर' ओरडला तर जागच्या जागी थांबता आलं पाहिजे.

हॅटसाठी मानेमागून जाणाऱ्या पट्टीचे मफ बघा. नेहमीच्या पट्टीचे, हॉवर्ड लाइट इम्पॅक्ट स्पोर्ट (एनआरआर २२) किंवा वॉकर्स रेझर (२३), पातळ आहेत आणि रायफलला गाल लावताना कमी आडवे येतात, जाड वाटीचा मफ दस्त्यावर आपटून कानावरून सरकतो आणि नेमका त्याच वेळी घोडा ओढला जातो. पण हॅटखाली त्यांची पट्टी थोडी बोचतेच.

बालेवाडी_१०_मीटर:

मी पुण्यात एअर रायफल खेळतो, आमच्याकडे आवाजाचा प्रश्न फारसा नाही, प्लग घालतो तो जास्त करून शेजारच्याच्या बडबडीसाठी. धागा वाचून मजा आली. एक शंका, अंबाडा असेल तर मानेमागची पट्टी बसते का? आमच्या एका ताईंना ब्लाइंडर (नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढची पट्टी) लावतानाच केसांचा वैताग येतो.

झणझणीत:

अंबाडा घालून नऊवारी नेसा की, १९व्या शतकातलीच आहे! काष्टा असल्यावर रायफल घेऊन पळायलाही बरं.

सोनचाफा_फिनिक्स:

झणझणीत, हसून हसून मेले. क्लबच्या बायकांना फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या नक्की घाल.

सगळ्यांना खूप धन्यवाद. ढोलाचे प्लग ढोलाच्या पिशवीत परत गेले. चष्म्यावरून घालायचे ग्लासेस आणि फोमचे प्लग मागवलेत, क्लबमधल्या आजीबाईंचे मानेमागच्या पट्टीचे इलेक्ट्रॉनिक मफ डोक्यावर चढवून बघितले, अंबाडा असला तर पट्टी खाली घसरते, वेणी असली तर छान बसतात, त्यामुळे वेणी. वाऱ्यात मात्र माइकमध्ये भयंकर घोंघावतं, त्या म्हणाल्या आवाज जरा कमी करायचा.

आता उरलं प्रोग्रेसिव्हचं. रिकामी रायफल धरून बघितली तर पुढची माशी स्पष्ट बघायला मान मागे टाकावी लागते आणि मग हॅट पाठीवर जाते. कोणी नंबरचा शूटिंग ग्लास केलाय का? आणि लेक अकरा वर्षांची आहे, ती बघायला येणार, तिला काय घेऊ?

चाळिशी_लागली:

मी केलाय. प्रोग्रेसिव्हचा जवळचा नंबर खालच्या भागात असतो म्हणून मान मागे जाते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना डोळ्यापासून पुढच्या माशीचं अंतर टेपने मोजून घेऊन जा, रिव्हॉल्व्हरचं आणि रायफलचं दोन्ही, कारण रायफलची माशी बरीच लांब असते. बंदूक घेऊन जायची गरज नाही, कृपया! त्या अंतराचा सिंगल व्हिजन नंबर नेम धरायच्या डोळ्याला आणि लांबचा नंबर दुसऱ्याला, असं करून देतात. सुरुवातीला थोडी चक्कर येते, पायऱ्या उतरताना जपा. काहींना अजिबात जमत नाही, ते दोन्ही डोळ्यांना माशीचाच नंबर घेतात, टार्गेट एवढं मोठं आणि जवळ असतं की थोडं धूसर दिसलं तरी लागतं. आधी डॉक्टरकडच्या ट्रायल फ्रेममध्ये हात पुढे धरून बघा, मगच पैसे घाला. पुढे काळ्या दारूच्या (बंदुकीच्या जुन्या ब्लॅक पावडरच्या) कॅटेगरीत गेलात तर चष्म्यावर काजळी बसते, ती आधी पाण्याने धुवायची, कोरडी पुसली की काच ओरखडली.

लिव्हरवाला_टेक्सास:

लेकीला लहान मापाचे सेफ्टी ग्लासेस मिळतात, झेड८७+ वालेच, मोठ्यांचे नाकावरून घसरतात आणि मुलं ते डोक्यावर चढवून ठेवतात. तिला साधे मफ पुरे, लहान मापाचे, ऐकू येण्याची तिला तेवढी गरज नाही, आणि शक्यतो फायरिंगच्या लायनीपासून लांब उभी करा. मॅच संपली तरी शेजारच्या स्टेजवर फायरिंग चालू असेपर्यंत चष्मा काढू द्यायचा नाही. तिलाही सांगा, रेंजवरून निघताना हात तोंड गार पाण्याने साबण लावून धुवायचं, सँडविच त्याच्यानंतर, शिसं हाताला लागलेलं असतं.