शाळेतलं खाणं: डबा, खिचडी आणि पोंग्यांचे पुडे (आपापले अनुभव लिहा)

करडईचं फूल:
लातूर जिल्ह्यातल्या झेडपीच्या शाळेत दुसरीला शिकवते. महिना झाला, आम्ही पाच रुपयांचे पोंग्यांचे पुडे शाळेत बंद केलेत. गेटसमोरच्या टपरीवाल्या मामांशी भांडून नाही, हातापाया पडून. मधल्या सुट्टीत आता ते शेंगदाणे, फुटाणे, बोरं विकतात आणि "मॅडम, धंदा बसवलात" असं रोज ऐकवतात.

काल एक पोरगी डब्याचं झाकण तिरकं धरून, आत हात घालून खात होती. वाकून बघितलं तर ज्वारीची भाकरी अन् कारळाची चटणी. शेजारणीकडं नूडल्स होते. मला माझी अंबाजोगाईची शाळा आठवली. बाकीच्या पोरींकडं पोळ्या असायच्या, मी भाकरीचा तुकडा झाकणाखालीच मोडायचे. एकदा तर अख्खी भाकरी नालीत टाकली. आईला अजून माहीत नाही.

मी काही बोलले नाही, तिच्यापाशी बसून चतकोर मागून खाल्ली. आज चार लेकरांनी भाकरी आणली. पाचव्यानं आणली ती भाकरीवर पोंगे चुरून.

तुमचंही सांगा. मास्तर, पालक, कोणीही.

बालाघाटी:
पोंगे भाकरी!! त्या पोराला आत्ताच हॉटेल टाकून द्या.

जुना बाक:
आमच्या वेळी खिचडी नव्हती. १९९५ नंतर महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचे, तेही हजेरी ८० टक्के भरली तर. त्या तांदळासाठी तापातही शाळेत बसलोय. आजी म्हणायची, भातानं कुठं पोट भरतं व्हय? दुकानात देऊन ज्वारी आणायची. शिजवलेलं अन्न आलं तोवर मी हायस्कुलात.

आप्पा परभणीकर:
तुम्ही तांदळाचं सांगताय. बहात्तरच्या दुष्काळात आम्हाला सुकडी मिळायची, पिठाचा गोड कोरडा खाऊ. घरी लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची भाकर, घास घशात अडकायचा. सुकडी मात्र खिशात भरून न्यायचो, खिसा चिकट झाला म्हणून मार खायचो. असो.

खडू आणि डस्टर:
मुख्याध्यापक आहे, म्हणजे दुपारी बारापर्यंत आचारी. पहिली ते पाचवीला डोक्यामागं १०० ग्रॅम तांदूळ, २० डाळ, ५० भाजी, ५ ग्रॅम तेल. कागदावर सोपं आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला भाजी महागली की ५० ग्रॅम कुठून आणायची? आमच्या स्वयंपाकाच्या ताईंनी शेवग्याचा पाला बारीक चिरून वरणात टाकायला सुरुवात केली. झाड शाळेतलंच, हात धुतलेल्या पाण्यावर वाढलेलं. लेकरांना वाटतं कोथिंबीर आहे. कृपया कोणी सांगू नका.
आणि ती चव नोंदवही! वाढायच्या आधी मोठ्या माणसानं खाऊन शेरा लिहायचा. एक आजोबा आवर्जून येतात, ताटभर चव घेतात अन् लिहितात, "मीठ कमी". वर्षभर तोच शेरा. बीपीची गोळी चालू आहे त्यांना, घरी अळणीच मिळतं.

पुण्यातली माहेरवाशीण:
विषय सोडून विचारते, सॉरी. घाण्यावरचं करडईचं तेल आता कुठं मिळतं हो? इथं मिळतं त्याला वासच नाही.

बालाघाटी:
@माहेरवाशीण, पेरणारेच राहिले नाहीत ताई. सगळीकडं सोयाबीन. आमच्याकडं एक घाणा आहे, दिवाळीला येताना कॅन घेऊन या.

चौथीची आई:
शाळेत आठवड्याला ती गुलाबी गोळी देतात ना, लोहाची? पहिल्या वेळी पोराला काळी शी झाली. मी घाबरून थेट सरांना फोन लावला, तेही रात्री साडेनऊला. सर म्हणाले, ताई, गोळीनं होतं तसं, झोपा आता. आधी सांगायला काय जातं? आता इथं वाचणाऱ्या आयांना मी सांगून ठेवलं बगा.

डोंगरपट्टा:
बीडकडची शिक्षिका. २०२४ ला शाळेत आठवड्यातून एकदा अंडं मिळायचं, ज्यांच्या घरी चालत नाही त्यांना केळ. एका माळकऱ्याच्या नातवाचं नाव केळाच्या यादीत. तो शाळेमागं जाऊन केळाच्या बदल्यात अर्धं अंडं घ्यायचा. मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. आजोबा सप्त्यात भेटतात, मी खाली बघून नमस्कार करते.
पण माझं खरं दुखणं वेगळं. दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापासोबत ऊसतोडीला. हंगामी वसतिगृहासाठी, म्हणजे मागं राहणाऱ्या लेकरांच्या गावातच जेवणाच्या सोयीसाठी, नावं घेतली की आजीजवळ चार-पाच राहतात, बाकीचे ट्रॅक्टरवर. जाताना आणि आल्यावर मी वजन घेते, माझ्याच वहीत. गेल्या खेपेला तिसरीतली एक १९ किलोची गेली, साडेअठराची आली. पाच महिन्यांत उंची वाढली अन् वजन उतरलं. हात धुवायची सहा पावलं मी शिकवलेली, तिला पाठ होती सगळी. "बाई, फडात पाणी लांब असतं" म्हणाली.

करडईचं फूल:
@डोंगरपट्टा, ताई… काय लिहू.

रेल्वेचं पाणी:
पाण्यावरून आठवलं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं ते वर्ष. शाळेत हात धुवायला दोघांत एक तांब्या. एकानं ओतायचं, दुसऱ्यानं धुवायचं, पाणी खाली घमेल्यात, घमेलं लिंबाच्या झाडाला. ते झाड जगलं. माझी पोरगी अजून कोणी नळ चालू ठेवला की ओरडते.

जुना बाक:
ते सगळं राहू द्या, येळवस, आपली शेतातली वेळ अमावस्या, जवळ आली. करडईचं फूल मॅडम, शाळेत भज्जी (त्या दिवशीची दाणे-पालेभाज्यांची मिसळ भाजी) करता की नाही?

करडईचं फूल:
गेल्या वर्षी केली! ओल्या तुरीचे दाणे लेकरांनीच सोलून आणले, मेथी परसबागेतली. आंबील टपरीवाल्या मामांनी घरून आणली, दोन घागरी. पैसे घेतले नाहीत. तेव्हा धंदा बसला नव्हता ना त्यांचा!

पुण्यातली माहेरवाशीण:
भज्जीत डाळीचं पीठ किती घालता? माझी दरवेळी पिठलं होते.