मदत हवी आहे : एमपी३मध्ये तबल्याच्या थापेआधी येणारा आवाज

नमस्कार. घरच्या रियाजाचे ध्वनिमुद्रण मी ४४.१ किलोहर्ट्झच्या वेव्ह फायलींवरून १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये आणत आहे. तानपुरा स्वच्छ येतो, पण एकट्या तबल्यात चाटेवरच्या (तबल्याच्या कडेच्या पट्टीवरच्या) प्रत्येक ‘ना’च्या आधी ‘फस्स’ असा पुसट आवाज येतो, आणि हेडफोनवर तर तो फारच बोचतो. माझ्या समजुतीप्रमाणे मोठा आवाज आपल्यानंतरचे बारीक आवाज बराच वेळ झाकतो, आधीचे मात्र जेमतेम काही मिलिसेकंदच, आणि एमपी३ची लांब खिडकी (एका वेळी एकत्र हाताळला जाणारा आवाजाचा तुकडा) ११५२ नमुन्यांची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांची असल्याने तीत पसरलेला क्वांटायझेशनचा (आकडे ठोकळ केल्याने येणारा) गोंगाट थापेआधीच उघडा पडतो. अशा जागी एन्कोडरने (एमपी३ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने) आखूड खिडकी निवडायला हवी. तो निवडत नसावा. बिटरेट (दर सेकंदाला वापरले जाणारे बिट, इथे १२८ केबीपीएस) न वाढवता ही निवड कशी सुधारावी, की सरळ एएसीकडे (एमपी३नंतर आलेल्या ध्वनिफायलींच्या प्रकाराकडे) वळावे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?