शिकागोत दोनच दिवस असतील तर उंच गच्च्या सोडा, जुन्या इमारतींच्या पायाशी उभे राहा

ओवरी (धागाकर्ता)

शिकागोला दोन दिवसांसाठी जाणाऱ्यांच्या याद्या बहुतेक एकसारख्या असतात. विलिस टॉवरच्या १०३व्या मजल्यावरचं काचेचं खोकं, मिलेनियम पार्कमधलं क्लाउड गेट हे चकचकीत शिल्प, नेव्ही पिअर, पिझ्झा. यातलं क्लाउड गेट जरूर बघावं. वाटेवर आहे, पैसे लागत नाहीत आणि ते घडवणारे अनिश कपूर जन्माने मुंबईचे. पण जगात इतरत्र मिळणार नाही अशी या शहराची वस्तू म्हणजे लूपमधल्या, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागातल्या, १८८५ ते १८९५ या काळातल्या इमारती. त्या कळायला वर जायची गरज नाही.

ऑक्टोबर १८७१च्या आगीत शहराचा मधला भाग जळून गेला. त्यानंतर जागेचे भाव चढले, म्हणून उंच बांधायचं. पण खाली मऊ चिकणमाती आणि खडक फार खोल. जड इमारत या मातीवर तोलायची कशी, याची दोन उत्तरं पाच मिनिटांच्या अंतरावर उभी आहेत.

पहिलं रूकरी (१८८८), लासाल आणि ॲडम्स रस्त्यांच्या कोपऱ्यावर. पायात लोखंडी रूळ आडवे-उभे रचून वर काँक्रीट ओतलं, म्हणजे इमारत मातीवर तराफ्यासारखी बसली. आतल्या काचेच्या छताच्या चौकाला फ्रँक लॉइड राइटने १९०५मध्ये पांढऱ्या संगमरवराचं नवं रूप दिलं. हा चौक कामाच्या दिवशी विनामूल्य बघता येतो. शनिवार-रविवारी दार बंद असतं आणि लोक बाहेरच्या भिंतीचा फोटो काढून परततात. म्हणून हा भाग सोमवार ते शुक्रवारातच बसवा.

दुसरं मोनॅडनॉक, जॅक्सन आणि डिअरबॉर्नच्या कोपऱ्यावर. उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१चा, १६ मजले, सगळा भार विटांच्या भिंतींवर. त्यामुळे तळाशी भिंत जवळजवळ १.८ मीटर जाड. दक्षिणेकडचा अर्धा भाग दोनच वर्षांनी, १८९३मध्ये, वेगळ्या वास्तुविशारदांनी पोलादी सांगाड्यावर उभा केला, म्हणजे वजनच घटवलं. डिअरबॉर्नच्या समोरच्या फुटपाथवर इमारतीच्या मध्यावर उभे राहा आणि जोड शोधा. डावी-उजवीकडच्या खिडक्यांची रुंदी आणि भिंतींची जाडी बघितली की विटेचं युग कुठे संपलं ते बोट ठेवून दाखवता येतं. पहिली गगनचुंबी म्हणून सांगितली जाणारी होम इन्शुरन्स इमारत (१८८५) मात्र शोधू नका, ती १९३१मध्ये पाडली.

मग नदीवरची बोट. शिकागो आर्किटेक्चर सेंटरची ९० मिनिटांची फेरी घ्या. माहिती सांगणारे प्रशिक्षित स्वयंसेवक असतात आणि बोट नदीच्या तिन्ही शाखांत जाते. 'नदी आणि तलाव' अशी जोडफेरी टाळा, कारण तलावात शिरताना जलद्वाराशी थांबावं लागतं आणि तेवढ्या इमारती कमी होतात. धक्का मिशिगन ॲव्हेन्यूच्या पुलाच्या आग्नेय टोकाला, पाण्याच्या पातळीवर आहे. वॅकर ड्राइव्ह एकाखाली एक अशा मजल्यांचा रस्ता आहे. खालच्या मजल्यावर फोनचा नकाशा भरकटतो आणि लोकांची बोट चुकते. टॅक्सी वरच्या रस्त्यावर सोडा आणि पुलाच्या टोकाच्या जिन्याने उतरा. वीस मिनिटं हाताशी ठेवा. हिवाळ्यात फेऱ्या बंद असतात.

दुर्बीण

पहिल्या भागाशी सहमत, 'वर जाऊ नका' याच्याशी अजिबात नाही. हे शहर सपाट आहे. टेकडी नाही, गड नाही. जिथे चढून एकवार नजर टाकावी अशी एकही नैसर्गिक जागा नाही, म्हणून उंचावर जायचं.

फक्त विलिसऐवजी पूर्वी जॉन हॅनकॉक सेंटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीचा (१९६९) ९४वा मजला निवडा. दोन्ही इमारतींचे रचनाकार अभियंते ढाक्यात जन्मलेले फझलूर रहमान खान. विलिसवर उभं राहिलं की विलिसच दिसत नाही. हॅनकॉकवरून ती पूर्ण दिसते आणि तिची रचना कळते: नऊ चौकोनी नळ्यांची मोळी, त्यातल्या दोन ५०व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६व्यावर, तीन ९०व्यावर आणि उरलेल्या दोन टोकापर्यंत जातात. वाऱ्याचा जोर सगळ्या नळ्या मिळून झेलतात.

वरून आणखी एक गोष्ट दिसते, ती बोटीतून दिसत नाही. तलावात किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर पाणी खेचणारी गोल ठाणी. पूर्वी शहराची घाण नदीतून याच तलावात जायची आणि पिण्याचं पाणीही तिथूनच यायचं. म्हणून ४५ किलोमीटर लांबीचा कालवा खणून १९००मध्ये नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. नदीचं मुख, जलद्वार आणि ही ठाणी एका नजरेत आली की हा सगळा खटाटोप कशासाठी होता ते समजतं. सूर्यास्ताची वेळ घेऊ नका, रांग आणि गर्दी तेव्हाच. सकाळी दार उघडताना जा.

भोंगा

धाग्याचा पायाच मला मान्य नाही. धागाकर्त्यांनी चिकणमाती सांगितली, रूळ सांगितले, काचेचं छत सांगितलं. विटा रचणारी माणसं कुठे आहेत?

रूकरीचं बांधकाम चालू होतं, त्याच वेळी १ मे १८८६ला या शहरात हजारो कामगार आठ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले. ४ मेच्या संध्याकाळी डेस्प्लेन्स रस्त्यावर हेमार्केटजवळ सभा झाली, पोलीस आले, बॉम्ब पडला. आठ जणांना दोषी ठरवलं, चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ला फाशी दिली. बॉम्ब कोणी टाकला हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. गव्हर्नर ऑल्टगेल्ड यांनी १८९३मध्ये जिवंत उरलेल्या तिघांची सुटका केली, खटला अन्यायाचा होता असं लिहून. आपण १ मेला महाराष्ट्र दिनाबरोबर कामगार दिन पाळतो, त्याचं मूळ ही जागा आहे. मराठी माणूस लूपमध्ये दोन दिवस राहून तिथे न जाता परत येतो, हे मला पटत नाही.

'लांब आहे' हे कारणही नाही. शहरी रेल्वेच्या ग्रीन किंवा पिंक लाईनने क्लिंटन स्थानकावर उतरा, लेक आणि रँडॉल्फ रस्त्यांच्या मध्ये २००४चं स्मारक आहे: गाडा आणि त्यावरच्या माणसांच्या आकृती, कारण वक्ते त्या दिवशी गाड्यावर उभे राहून बोलले होते. फाशी गेलेल्यांची समाधी मात्र शहराबाहेर फॉरेस्ट पार्कच्या दफनभूमीत आहे, ब्लू लाईनच्या पश्चिम टोकाला. बरेच जण या दोन जागांची गल्लत करतात आणि चुकीच्या टोकाला जातात.

आणि दुसरा दिवस पुलमनला द्या. रेल्वेचे शयनडबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८८०पासून कारखान्याभोवती आपल्या मालकीचं गाव वसवलं. घर कंपनीचं, भाडं कंपनीला. १८९३च्या मंदीनंतर मजुरी कापली, भाडं तेवढंच ठेवलं. मे १८९४मध्ये संप झाला, तो रेल्वेवर देशभर पसरला आणि राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी सैन्य पाठवलं. आता हे राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे, प्रवेश विनामूल्य. आधी घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीतलं माहिती केंद्र बघा, मग गावात चाला. १११व्या रस्त्यालगत अधिकाऱ्यांची मोठी घरं, आत जावं तशी घरं लहान होत जातात. पगाराची उतरंड विटांमध्ये दिसते. ज्यांना वास्तू वाचायची हौस आहे त्यांच्यासाठी याहून स्पष्ट पान नाही. गाड्यांतल्या कृष्णवर्णीय पोर्टरांनी १९२५मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली, तिची कथा सांगणारं संग्रहालयही इथेच आहे. घरांत लोक राहतात, ओट्यांवर चढू नका.

पाऊलवाट

भोंगा, भावना पोचली, पण हिशेबही मांडायला हवा. शिकागोत पत्त्यांचा शून्य स्टेट आणि मॅडिसन रस्त्यांच्या चौकात आहे आणि ढोबळमानाने ८०० क्रमांक म्हणजे एक मैल. १११वा रस्ता त्या शून्यापासून सुमारे १३ मैल, म्हणजे २१ किलोमीटर दक्षिणेला. मिलेनियम स्टेशनवरून मेट्रा इलेक्ट्रिक या उपनगरी रेल्वेने जायचं. जलद गाड्या १११व्या रस्त्याला थांबत नाहीत आणि मधल्या वेळेत गाड्या विरळ असतात. सीटीएचा, म्हणजे शहरातल्या बस आणि रेल्वेचा, साधा पास मेट्रावर चालत नाही, तिकीट वेगळं. जाणं, बघणं, येणं मिळून पाच तास धरा. दोन दिवसांतला निम्मा दिवस गेला. सोबत सत्तरीचे आई-वडील असतील तर हा सल्ला मी देणार नाही.

त्यांच्यासाठी शिकागो कल्चरल सेंटर. आगीनंतर ब्रिटनमधून पुस्तकं देणगीत आली, त्यातून सार्वजनिक ग्रंथालय उभं राहिलं आणि ही त्याची १८९७ची इमारत. प्रवेश विनामूल्य, लिफ्ट आहे, बसायला जागा आहे. वॉशिंग्टन रस्त्याच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर टिफनी या काचकाम करणाऱ्या कंपनीचा ११ मीटरहून जास्त व्यासाचा काचेचा घुमट. रँडॉल्फच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांच्या दालनाजवळ आणखी एक घुमट. दोन्हींचे जिने वेगळे, म्हणून बहुतेक जण एकच बघून बाहेर पडतात.

झरोका

आर्ट इन्स्टिट्यूटचं नाव अजून कोणीच घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

विवेकानंदांचं ११ सप्टेंबर १८९३चं भाषण जागतिक मेळ्याच्या मैदानात झालं असा समज आहे, म्हणून लोक जॅक्सन पार्कला जातात. ते मैदान ११ किलोमीटर दक्षिणेला. सर्वधर्म परिषद भरली ती मिशिगन ॲव्हेन्यूवर, आजच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत. त्यासाठी उभारलेली सभागृहं तात्पुरती होती, म्हणून 'तोच मंच' दाखवा असं म्हणू नका, तो उरलेला नाही. याच परिषदेत मुंबईच्या ब्राह्मोसमाजाकडून बी. बी. नगरकर बोलले होते, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. बाहेर विवेकानंदांच्या नावाची तपकिरी पाटी दिसेल. तपकिरी पाटी मानद असते, टॅक्सीवाल्याला मिशिगन ॲव्हेन्यूच सांगा. २०१०मध्ये मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी त्या भाषणाचे शब्द मुख्य जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी उमटवले होते.

आणि धागाकर्त्यांसाठी: सलिव्हन आणि ॲडलर या वास्तुविशारदांचं १८९४चं स्टॉक एक्स्चेंज १९७२मध्ये पाडलं. तिथले नमुने वाचवताना छायाचित्रकार रिचर्ड निकेल ढिगाऱ्यात दगावले. त्यातलं सौद्यांचं दालन याच संग्रहालयात पुन्हा उभं केलं आहे, रंगीत नक्षीसकट. त्या इमारतीची कमान बाहेर मन्रो आणि कोलंबस रस्त्यांच्या कोपऱ्यावर. पाडून टाकलेली इमारत बघायची तर हीच जागा.

इमारतीखालून रेल्वेचे रूळ जातात, त्यामुळे दोन भाग पुलासारख्या दालनांनी जोडलेले आहेत. भारतीय आणि हिमालयीन शिल्पं अशाच एका दालनात आहेत. तिथून सुरुवात केली की वाट चुकत नाही. मोठी पाठपिशवी जमा करावी लागते. मंगळवारी आणि बुधवारी संग्रहालय बंद.

ओवरी

हॅनकॉकवर जायचं मान्य, विलिसवर मात्र नाहीच. स्टॉक एक्स्चेंजचं दालन मी लिहायला हवं होतं.

भोंगा, हेमार्केटला माझ्या पहिल्या दिवसात जागा नव्हती ही चूकच. मोनॅडनॉकवरून चालत वीस-पंचवीस मिनिटं. पण पुलमनबद्दल मी पाऊलवाटांच्या बाजूने आहे. पहिल्यांदा येणाऱ्याने लूप न उलगडता तिकडे गेलं तर त्याला एक गाव दिसेल, शहर दिसणार नाही.

भोंगा

उलट आहे. पुलमनचं मुख्य कार्यालय मिशिगन ॲव्हेन्यूवर होतं आणि डबे १११व्या रस्त्याला बनत होते. लूपमधला पैसा कुठून आला ते दक्षिणेला गेल्याशिवाय कळत नाही. मंगळवार-बुधवार मुक्काम असेल तर आर्ट इन्स्टिट्यूट तसंही बंद. त्या सकाळी माहिती केंद्राची वेळ तपासा, मिलेनियम स्टेशनवर जा आणि परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा आधीच लिहून ठेवा. दुपारी दोनपर्यंत लूपमध्ये परत येता येतं, आणि रूकरीचं दार तेव्हा उघडं असतं.