मदत हवी आहे: एकच गणित, तीन उत्तरं

बोदवडकर: पोरगी पाचवीत आहे, उद्या चाचणी. वहीतल्या गणिताचं तिचं उत्तर ६. दुकानातला कॅल्क्युलेटर ४२ म्हणतो, मोबाईल १८. खरं कोणतं? लवकर सांगा, गिऱ्हाईक उभं आहे.

रावेरचा केळीवाला: भाऊ, गणित तर टाका!

तापीकाठ: कॅल्क्युलेटर कोणता? सेल उतरले की माझाही असंच करायचा. नवा घेऊन टाका.

बोदवडकर: सेल नवेच आहेत. २० − ८ + २ × ३.

निवृत्त मास्तर: कंचेभागुबेव! कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. २ × ३ = ६, मग ८ + ६ = १४, २० − १४ = ६. मुलगी हुशार आहे. पावकी-निमकीही पाठ करून घ्या.

धुळेकर डिप्लोमा: मास्तर, ६ चूक. गुणाकार आधी, इथपर्यंत ठीक. पण बेरीज-वजाबाकीचा मान सारखा, डावीकडून जे आधी येईल ते आधी. वजाचं चिन्ह एकट्या ८ चं आहे. गल्ल्यात २० होते, ८ दिले, ६ आले. १८ च उरणार.

निवृत्त मास्तर: ‘बे’ आधी, ‘व’ नंतर. जन्मभर हेच शिकवलं.

धुळेकर डिप्लोमा: ‘बे’ आधीच धरायचं तर अधिकवाले सगळे गोळा करा: २० + ६ = २६. त्यातून ८ काढा. आलेच ना १८?

रावेरचा केळीवाला: मग ४२ कुठून आलं भो?

धुळेकर डिप्लोमा: साधा कॅल्क्युलेटर बटणं दाबाल तसा हिशेब उरकत जातो: १२, १४, ४२. त्यावर २० एम प्लस, ८ एम मायनस, २ × ३ एम प्लस, शेवटी एमआरसी दाबा.

चाळीसगावकर: आमच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. शिलालेख आहे. तेव्हा ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचे. बरोबरचं = चिन्ह तर १५५७ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट रेकॉर्डने काढलं.

तापीकाठ: पाटणादेवीला गाडी देवळापर्यंत जाते का?

बोदवडकर: एमआरसीने १८ आलं. पण बाईंनी फळ्यावर ६ च लिहिलंय म्हणे. पेपरात काय लिहू द्यायचं?

धुळेकर डिप्लोमा: १८. पायऱ्या मांडून. आणि वही घेऊन बाईंना भेटा.

निवृत्त मास्तर: बाई बरोबर आहेत.