'झू', 'झोआ' आणि आपला 'जीव'

प्रश्न (सांगलीच्या एका विज्ञान शिक्षिकेचा) : प्रोटोझोआ (एकपेशीय जीव), झूप्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी), झूनॉसिस हे शब्द शिकवताना मुले हटकून विचारतात, की यातला 'झू' म्हणजे प्राणिसंग्रहालयच का? या सर्व शब्दांतला घटक एकच आहे काय, आणि त्याला मराठीत प्राणी म्हणावे, पशू म्हणावे की जीव?

उत्तर : घटक एकच आहे. मूळ ग्रीक शब्द 'झोऑन'. त्याचा अर्थ जिवंत असलेला, सजीव, आणि रूढ वापरात प्राणी. त्याचे अनेकवचन 'झोआ', म्हणून 'प्रोटोझोआ' हे अनेकवचन आहे आणि त्यातल्या एकाला 'प्रोटोझोऑन' म्हणणे व्याकरणाला धरून होईल. समासात आरंभी येताना त्याचे रूप 'झोओ' असे होते. प्राणिसंग्रहालय हा अर्थ तर फार अलीकडचा आहे: लंडनमधील प्राणिशास्त्रीय बाग १८२८ मध्ये सुरू झाली आणि तिच्या लांबलचक नावाचा पहिला तुकडा लोकांच्या तोंडी 'झू' म्हणून बसला. मुलांना हा क्रम आधी सांगावा, म्हणजे पुढचा घोटाळा टळतो.

प्रतिशब्दाबाबत माझा कौल 'जीव' या शब्दाला आहे, आणि त्यामागे सोयीपेक्षा मोठे कारण आहे. 'झोऑन' आणि संस्कृत 'जीव' हे दोन्ही 'जगणे' या अर्थाच्या एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून आलेले आहेत. लॅटिनमधला 'वीवुस', ग्रीकमधलाच 'बिओस', म्हणजे ज्यावरून 'बायॉलॉजी' झाले तो शब्द, आणि फारसीतून आपल्याकडे आलेली 'जिंदगी' हीसुद्धा त्याच कुळातली. 'प्राणी' हा शब्द श्वासावरून घडला आहे, 'जनावर' हा फारसी 'जान'वरून. अर्थ जवळचे असले तरी त्यांचे घराणे वेगळे. आपल्या सांगली-सातारा जिल्ह्यांत गुराढोरांना 'जितराब' म्हणतात. खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंडाची पारख करताना हा शब्द कानावर पडला, की त्यातला 'जित' ऐकून 'जित्ता' आठवल्याशिवाय राहत नाही.

मराठी परिभाषेनेही अनेक ठिकाणी हीच वाट धरली आहे. साताऱ्याच्या वाईतून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, त्या मराठी विश्वकोशात भूवैज्ञानिक काळांची नावे पुराजीव, मध्यजीव, नवजीव अशी आढळतात. पॅलिओझोइक, मेसोझोइक, सेनोझोइक या मूळ नावांतला 'झोइक' हा जीवन या अर्थाच्या 'झोए'शी, म्हणजे 'झोऑन'च्या सख्ख्या भावंडाशी जोडलेला आहे. ही योजना मला अतिशय समर्पक वाटते. मात्र झूप्लँक्टनला 'प्राणिप्लवक'च म्हणावे, कारण तेथे वनस्पतिप्लवकापासूनचा भेद दाखवायचा असतो आणि 'जीव' म्हटल्यास तो भेद पुसला जातो.

'पशू' मात्र नको. ग्रीकांच्या 'झोऑन'मध्ये माणूसही येतो. अ‍ॅरिस्टॉटलने माणसाला 'झोऑन पोलिटिकोन', म्हणजे नगरराज्यात राहणारा प्राणी, म्हटले ते याच शब्दाने. रानटी श्वापदासाठी त्यांच्याकडे 'थेरिऑन' हा निराळा शब्द होता आणि तोही विज्ञानात टिकून आहे: शिवालिक टेकड्यांत सापडलेल्या जिराफाच्या कुळातील एका प्रचंड प्राण्याला १८३६ मध्ये 'शिवाथेरियम', म्हणजे शिवाचे श्वापद, असे नाव मिळाले. राशिचक्राचे 'झोडिअ‍ॅक' हे नाव मात्र 'झोऑन'च्या लघुरूपावरून, 'झोडिऑन'वरून, आले आहे.

पुरवणी प्रश्न (माण तालुक्यातील एका दूध उत्पादकाचा) : मग लंपीला 'झूनॉसिस' म्हणायचे काय? बातम्यांत तो शब्द वाचला होता.

उत्तर : नाही. 'झोऑन' आणि रोग या अर्थाचा 'नोसोस' मिळून झूनॉसिस झाला असला, तरी त्याचा रूढ अर्थ 'जनावरांचा रोग' असा नसून जनावरांकडून माणसाला होणारा रोग असा आहे. केवळ शब्दाची फोड करून अर्थ लावला तर येथे फसगत होते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये पसरलेला लंपी हा गोवर्गाचा विषाणूजन्य रोग. तो माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो, पण माणसाला होत नाही. जनावरांतल्या अशा साथीसाठी 'एपिझूटिक' ही संज्ञा आहे. याउलट रेबीज, लेप्टोस्पायरोसिस, ब्रुसेलोसिस हे खरे झूनॉसिस. गाभडलेल्या गाईची वार हातमोजे न घालता काढली किंवा बाधित गाईचे दूध न तापवता प्यायले, तर ब्रुसेलोसिस माणसाला होऊ शकतो. म्हणून लिहिताना लंपीला 'जनावरांची साथ' आणि ब्रुसेलोसिसला 'प्राणिजन्य रोग' असे लिहावे. दोहोंना एकच शब्द लावला, तर गोठ्यात काम करणारा माणूस एकतर विनाकारण घाबरेल किंवा जेथे जपायला हवे तेथे बेफिकीर राहील.